मिटलेला डोळा

वाकोल्याच्या आमच्या मंडळात कॅरमबोर्डावर पावडर जरा जास्तच टाकतात.

फेब्रुवारीत दशरथला कोरोना झाला. तीन दिवस ताप आला आणि गेला.

नेम धरताना तो डावा डोळा मिटतो. पंचवीस वर्षांची सवय आहे.

मार्चमधल्या एका रविवारी पावडर त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा चोळत, डाव्याने बोर्डाकडे बघत तो ओरडला, "राणी कुणी उचलली रे?"

"तुझ्या नाकासमोर आहे! हरायला लागलास की नाटकं सुरू ना तुझी," समोरून प्रीतम म्हणाला.

दशरथने मान वळवून बघितलं. जिथे बघेल तिथे मधोमध करडा डाग येत होता. कडेच्या सोंगट्या मात्र नीट दिसत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडद्यातली एक शीर गुठळीने तुंबलीय, त्याने सूज आलीय. कोरोनानंतर काहींना असं होतं. तुम्हाला त्यामुळेच झालं, हे खात्रीने नाही सांगता येणार. इंजेक्शनने सूज उतरेल. नजर किती परत येईल, ते हे कधीपासून आहे यावरही आहे. कधीपासून दिसत नाही?"

दशरथने डावा डोळा मिटून परत उघडला.

"अहो, सांगा ना," बायको मालन म्हणाली. "एवढं कळलं नाही तुम्हाला?"

"एक डोळा मिटून मी रोज बघतो गं," तो म्हणाला. "पण मिटतो तो हाच."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, ताप गेल्यावर, मंडळाची फायनल दशरथने जिंकली होती, तोच डोळा मिटून.