ठिपक्यांची वाट

काचबिंदूनं दृष्टी नेली तेव्हा विजयालक्ष्मीनं फारसा आकांत केला नाही. आकांत केला तो ती अंगणातल्या पायरीवरून पडली आणि नवऱ्यानं, म्हणजे वेंकोबांनी, तिचं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं तेव्हा. तंजावरकडची मराठी माणसं ही. लग्न होऊन ती नुंगंबाक्कमच्या या बैठ्या घरात आली, त्या दिवसापासून फाटकापुढची रांगोळी तिची होती.

आता वेंकोबा हात धरून नेत. "पाय पुढं घे. पायरी आली, जपून."

"हातीं धरून न्यायास मी नवी नवरी होय?" ती फणकारायची आणि फाटकाशी नुसती उभी राहून परतायची. आपल्या पायांनी गेली तरच रांगोळी, असा तिचा हट्ट. वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये राहायला चला म्हणून लेक शशिकला मागं लागली होती. तिथं लिफ्ट होती, पायऱ्या नव्हत्या. पण रांगोळीसाठी अंगणही नव्हतं.

वेंकोबांनी मग हातात थापी घेतली. मोटारींच्या कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म गेलेला. गवंडी बोलवावा असं कुणी म्हटलं की त्यांना रागच यायचा. पलंगापासून स्वयंपाकघर, तिथून ओसरी, असा फरशीत अरुंद चर खोदून त्यांनी सिमेंटचा पट्टा भरत नेला. ओसरीला कठडा बसवला, रंगवला. बाहेर पायऱ्यांच्या कडा सारख्या केल्या आणि पट्टा अंगणातून फाटकाकडे वळवला. केलेलं काम रोज घोटायचं, रोज न्याहाळायचं. आरशासारखा गुळगुळीत झाला पट्टा, आणि स्वारी स्वतःवरच खूश.

पहिल्याच दिवशी बाई त्या पट्ट्यावरून निघाली ती थेट कपाटावर आदळली.

"कुठं आहे तुमचा रस्ता?"

"अगं, पायाखालीच आहे!"

तिनं खाली बसून तळहात फिरवला. "अय्यो, डोळ्यांस दिसायास केलां तुम्ही. पायांस कळायास नको?"

वेंकोबांचं तोंड एवढंसं झालं. सगळी मेहनत पाण्यात गेली होती. पण ती उठली नाही. म्हणाली, "पट्टा खरवडा आणि थोडा माल कालवून आणा. पुळ्ळी मी घालतें."

पुळ्ळी म्हणजे रांगोळीचे ठिपके. रबरी हातमोजे घालून तिनं चिमटीत ओलं सिमेंट घेतलं, खरवडलेल्या पट्ट्यावर ठेवलं, अंगठ्यानं हलकेच दाबलं. मग दुसरा ठिपका. मग तिसरा. वेंकोबा रोज पुढचा तुकडा खरवडून देत आणि मागून टेप लावून पाहत. दोन ठिपक्यांतलं अंतर कुठंही केसाइतकं चुकलेलं नव्हतं. आयुष्यभर यंत्रांच्या चुका काढलेला माणूस बायकोच्या बोटांकडे बघत राहिला. पायरीपाशी तिनं ठिपके जोडीनं घातले, आता उतार आहे हे पायाला कळावं म्हणून.

माल पक्का वाळल्यावर एका पहाटे त्यांना जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. धावत ओसरीवर आले आणि तिथंच खिळले. अनवाणी विजयालक्ष्मी अंगणातून एकटी चालली होती. तिनं फाटकाची कडी काढली, बाहेर सडा घातला, बसली. आधी तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडले. मग पिठाची रेघ त्यांना वळसे घेत फिरली, फिरली आणि जिथून निघाली होती नेमकी तिथंच येऊन मिळाली. वेंकोबांचे डोळे भरून आले.

त्यांनी ते मिटले. मिटल्या डोळ्यांनीच ओसरीवरच्या समोरच्या ठिपक्यावर पाय ठेवला आणि चालू लागले. चार पावलांत वाट सुटली. पायाखाली सपाट फरशी, हाताला काही लागेना.

"विजया!"

"तिथंच थांबा. हलूं नका."

तिची पावलं ठिपक्याठिपक्यानं जवळ आली. पिठाच्या हातानं तिनं त्यांचा हात धरला.

"पाय पुढं घ्या," ती म्हणाली. "पायरी आली, जपून."