मुठीतली बाटली

"डोकं दाबून धरा. हलला तर सुई डोळ्यात जाईल," ड्रेसर म्हणाला.

टेबलावरच्या माणसाची भुवई स्वस्त धान्याच्या रांगेतल्या मारामारीत फाटली होती. डोकं धरायला थोरला भाऊ होता, कारखान्यातून नुकताच कमी केलेला वेल्डर. पहिल्याच टाक्याला धाकटा गुरासारखा ओरडला.

"अहो, भुलीचं इंजेक्शन द्या ना!"

"पूर्वी आठवड्याला तीस बाटल्या यायच्या. आता तीन. काटकसरीचा हुकूम आहे वरून."

असे हुकूम काढणारे टाके घालून घ्यायला या सरकारी दवाखान्यात येत नाहीत, एवढं खरं. सव्वीस वर्षं ड्रेसरच्या हलक्या हाताचं लोक नाव काढत. हल्ली घरी जेवायला बसला की त्याच्या कानात किंकाळ्या घुमत.

चौथ्या टाक्याला तो वाकला आणि त्याच्या वरच्या खिशातली बाटली वेल्डरला दिसली.

"आणि हे काय? बाहेर विकतोस होय रे, हरामखोरा?"

ड्रेसरने झटकन बाटली मुठीत घेतली. तीच चूक झाली. लोखंडी स्टूल आधी खांद्यावर बसलं, मग कपाळावर. खाली पडल्यावर लाथा, बरगड्यांत, पाठीत, पुन्हा बरगड्यांत. मूठ पोटाशी धरून तो पडून राहिला. मार चुकवायलाही त्याने हात वर केला नाही.

"अहो, लहान मुलांसाठी ठेवतात ते! बाहेर बघा जरा!" सिस्टर किंचाळली.

बाहेर बाकावर आईच्या मांडीत चार वर्षांची मुलगी होती, ओठ दुभंगलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. वेल्डरच्या हातून स्टूल गळून पडलं.

सिस्टरने ड्रेसरला खुर्चीत बसवलं. कपाळ हाडापर्यंत उघडं पडलं होतं. तिने मूठ सोडवली. बाटली शाबूत होती.

"यातलं थोडं तुम्हाला देते."

"थोडं थोडं करतच इथवर आलो, बाई. ते तिला लागेल."

"मग डोकं कोण धरणार?" वॉर्डबॉयची जागा गेल्या वर्षीच रद्द झाली होती.

वेल्डर पुढे झाला. त्याने दोन्ही तळवे ड्रेसरच्या डोक्याला लावले.

"घट्ट धर," ड्रेसर म्हणाला. "मी नाही हलणार. तू हलू नकोस."

सहा टाके पडले. ओरडला नाही तो. रडला मात्र वेल्डर. मग मुलगी घाबरू नये म्हणून ड्रेसरने तोंडावरचं रक्त नीट धुतलं, भिंतीला धरून दाराशी गेला आणि म्हणाला, "ये बाळा. अजिबात दुखणार नाही."