चौघांनाही पहिला नंबर

एकाच नदीवर पाच देश, म्हणून पाचांची मिळून एक पूरसमिती. आपल्या हद्दीत पाणी किती चढलं ते सगळ्यांनी सगळ्यांना कळवायचं, एवढंच तिचं काम. त्या सकाळी उगमाकडच्या बड्या देशाचा प्रतिनिधी उठला, कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, "यापुढे आम्ही प्रत्येकाशी वेगवेगळं बोलू." तो गेला. उरलेले चौघे एकमेकांकडे बघायचंही टाळू लागले.

दुपारी जिन्यात चौघांपैकी एक असलेल्या अभियंताबाईंचा फोन वाजला. त्यांच्या देशाचे मंत्री होते, खुशीत होते.

"बाई, बड्या देशाच्या करारावर एकट्याने सही केली तर पुराची खबर सगळ्यात आधी आपल्याला. समिती गेली खड्ड्यात."

"आणि उद्या त्यांची मर्जी फिरली तर, साहेब? आपल्या बाजूने बोलायला कोण असेल?"

"मोठ्यांशी वाकडं घेऊन आपलं भागतं का?"

"वाकडं कुठे घेतेय? एकटी जात नाही, एवढंच."

"मग परत या. दुसऱ्याला पाठवतो."

"पाठवा. तो येईपर्यंत सही माझी, आणि ती मी करणार नाही."

रागातच त्यांनी फोन ठेवला. त्या तडक खालच्या देशाच्या म्हाताऱ्या प्रतिनिधीसमोर जाऊन बसल्या. धरणावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. साधा नमस्कारही बंद होता.

"काका, तुम्हाला काय कबूल केलंय त्यांनी?"

"तुम्हाला कशाला सांगू?"

"मला सांगितलंय, खबर सगळ्यात आधी आम्हाला."

चहा ढवळणारा चमचा थांबला. "आम्हालाही तेच." मग शेजारच्या टेबलावरच्या दोघांकडे वळून काकांनी विचारलं, "काय हो, तुमचाही पहिला नंबर का?"

दोघांनी माना खाली घातल्या. मग एकजण फिस्सकन हसला आणि चौघेही हसत सुटले.

संध्याकाळच्या आत त्यांनी एकच उत्तर धाडलं: बोलायचं तर चौघांशी, याच खोलीत. धरणाचं भांडण मिटलं नाहीच. त्या उत्तरावर सही करतानाही काकांनी एक टोमणा मारून घेतला. बाकीचे तिघे ठाम आहेत म्हटल्यावर मंत्र्यांनी आपली धमकी मुकाट्याने गिळली.

पुढे पाणी चढलं. बड्या देशाने चकार शब्द काढला नाही. त्याला लागून असलेल्या देशाने आपल्या पुलावरून पाहून बाईंना कळवलं, बाईंनी काकांना. खबर पूर्वीपेक्षा उशिरा पोचली. शेतं बुडाली, गोदामं बुडाली. माणसं मात्र आधीच वर निघाली होती.

पूर ओसरला तसा बाईंना बड्या देशाचा पुन्हा निरोप आला: या वेळी अटी आणखी सोप्या, फक्त एकट्या या. चिखलाचे बूट काढायच्याही आधी, कोणालाही न विचारता त्यांनी कळवून टाकलं, "आम्ही चौघे येऊ. तारीख तुम्ही सांगा."