तबकडीचं सुंबरान

बिराप्पाच्या धाकट्या लेकीचं जावळ काढलं, त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. म्हणजे साल सत्तेचाळीस. त्याचा भाऊ आप्पासो ब्रह्मदेशाच्या लढाईत हरवला, त्याला तोवर तीन वर्षं होऊन गेली होती. मेला असं कुणी कळवलं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं.

बिराप्पा वडूजच्या पूर्वेकडचा मेंढका. तोही पलटणीत गेला होता. मांडीत गोळी लागून पुण्याच्या इस्पितळात पडला, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या शिपायानं त्याला अक्षरं शिकवली. तिशी उलटल्यावर वाचता आलं, आणि पहिलं हाताला लागलं ते एक जुनं मासिक. त्यात मंगळावरच्या माणसांची गोष्ट होती. झालं! उन्हाळ्यात मेंढी हिरव्या डहाळीला झोंबते तसा गडी त्या गोष्टींना झोंबला. लोकर विकायला कराडला गेला की रद्दीच्या दुकानात बसायचा, आणि ताऱ्यांच्या, यंत्रांच्या, दुसऱ्या जगातल्या गोष्टी तेवढ्या निवडून आणायचा. त्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून आलं की अमेरिकेत आभाळात उडत्या तबकड्या दिसल्या. मग तर त्याला दुसरं काही सुचेना.

"बिरा, तुज्या तबकडीत म्येंढरं मावत्याल का रं?" त्याच्याबरोबर मेंढरं राखणारा नानासो विचारायचा.

"मावत्याल की. पर तुज्यावानी बोकड घेत न्हाईत."

चेष्टा चालायची. पण एकटा असला की तो आभाळाकडं बघायचा, आणि आप्पासो आठवायचा.

घरात आप्पासोची बायको अंबूबाई होती. वय विशीच्या आत-बाहेर. लग्नानंतर चार महिने नांदली, तेवढाच तिचा संसार. तिचा भाऊ सिद्धू श्रावणात कुंडलाकडचं एक स्थळ घेऊन आला. तात्याबा नावाचा बिजवर, माणूस सरळ, पदरी एक लहान पोर. पाट लावायला तयार होता. धनगरात पाटाला, बाईच्या दुसऱ्या लग्नाला, कुणाची ना नव्हती. फक्त आधी हरवलेल्याचं पिठाचं माणूस करून त्याला माती द्यायची, मग बाई मोकळी. आप्पासोची आई रंगुबाई चार दिवस रडली आणि म्हणाली, "दसरा हुंदे. मग देऊ माती. पोरीचा जलम कशाला नासवायचा?"

अंबूबाई त्या दिवशी पहिल्यांदा मेंढरांमागं गाणं म्हणत गेली. बिराप्पानं ते ऐकलं. त्यालाही बरं वाटलं.

दसऱ्याला बिरोबाच्या देवळापुढं ढोल लागला. दिवस कलताना सुंबरान मांडायची वेळ झाली. सुंबरान म्हणजे देवाची कथा. एकानं ओवी म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. पाळी बिराप्पाची होती. त्याच्या डोक्यात आदल्याच आठवड्यात वाचलेली गोष्ट घोळत होती. ती कुणाला तरी सांगावी म्हणून जीव नुसता तळमळत होता, आणि गोष्ट सांगायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. त्यानं कानावर हात ठेवला आणि तीच लावली. डोंगरावर पितळीएवढा उजेड उतरला, उतरता उतरता खळ्याएवढा झाला. त्यातून ताऱ्यावरची माणसं आली. रणात पडलेला शिपाई त्यांनी उचलून नेला. तिथला एक दिवस म्हणजे इथली बारा वर्षं. मासिकातल्या शिपायाचं नाव साहेबाचं होतं, ते ओवीत बसेना. ढोल थांबलेला, झेलकरी तोंडाकडं बघतायत. त्याच्या तोंडून नाव निघालं, "आप्पासो."

 मग कुणीतरी भंडारा उधळला, मग सगळ्यांनीच. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" रंगुबाई गर्दीतून पुढं आली आणि देवापुढं आडवी पडली.

"माजा आप्पा जित्ता हाय. द्येवानंच वदवलं."

दुसऱ्या दिवशी सिद्धू पीठ घेऊन आला. रंगुबाईनं ते हातानं परत त्याच्या धोतरात ओतलं. "जित्या माणसाला माती देतूस व्हय रं?"

अंबूबाईनं बिराप्पाला वाघरीजवळ, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी गाठलं, कोकरं आत घालताना.

"भावजी, खरं सांगा. ती कता कुटली?"

"पुस्तकातली."

"घडल्याली?"

"कुणीतरी मनानं रचल्याली."

"मग आत्तींला जाऊन तेवढं सांगा. मी पाया पडते तुमच्या. तुमी सांगितलं तरच सुटीन मी. आवं, जित्या नवऱ्याची बायकू कोन करून घील?"

तो गेला. आई चुलीपुढं होती.

"आये, ती तबकडीची कता खरी न्हाई."

रंगुबाई वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बिरोबाम्होरं, भंडारा लावून, लबाड बोललास तू? लेकराबाळांचा धनी हायस. खांड भरून म्येंढरं हायती. तोंडानं म्हण, मी लबाड बोललो. म्हण!"

धाकटी लेक तिथंच मातीत खेळत होती. ओवीत खोटं बोललेल्याच्या घरी लेकरं-मेंढरं जगत नाहीत, असं त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. मंगळ, यंत्रं, अमेरिका, सगळं त्या क्षणी कुठल्या कुठं गेलं. आणि आणखी एक होतं, ते त्याला स्वतःलाही कबूल करवेना. तबकडी वर्तमानपत्रात आली होती. काय सांगावं?

"म्हण की रं!"

"न्हाई आये," तो म्हणाला. "खरंच हाय ती."

दाराशी अंबूबाई उभी होती.  ती शेणाची पाटी उचलून निघून गेली.

तात्याबानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग दुसरीकडं पाट लावला. सिद्धू येईनासा झाला. बिराप्पानं सगळी मासिकं रद्दीवाल्याला परत दिली. तेवढ्यानं काहीच सुधारलं नाही. रंगुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तबकडी सांगायची, माणसं हात जोडून ऐकायची, आणि त्याला मान डोलवावी लागायची. अंबूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची: कोकरू आजारी आहे, मीठ संपलं आहे. गाणं तिनं पुन्हा म्हटलं नाही.

सव्वा वर्षानं मेंढरं कृष्णाकाठी शेतात खतासाठी बसवायला नेली होती. तिथं तिला ताप भरला. नानासोनं वैद्याला आणायला धाव घेतली, पण उपयोग झाला नाही. रंगुबाईनं तिला हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं आणि ओटी भरली. गावच्या बायका म्हणाल्या, नशिबाची गं, अहेव गेली, सवाशीण म्हणून गेली. बिराप्पानं खड्डा खणला. तो डोकं वर करत नव्हता.

अंबूबाई एकोणीसशे एकोणपन्नास सालच्या माघात वारली. आप्पासो कधी मेला, ते कुणालाच कळलं नाही.