नको म्हणणारी सोबतीण

तोंडात टाचण्या धरून ती नटाच्या कोटाची किनार दुमडत होती. तेवढ्यात मालिकेच्या लेखकाने सहज विचारलं, समजा, असा एखादा अंतराळातला भटक्या तुमच्या दारात आला आणि चला, तारे बघून येऊ म्हणाला, तर तुम्ही काय कराल?

तिने टाचण्या न काढताच सांगितलं, "आधी त्याला पाय पुसायला सांगेन."

सगळे हसले. कपडेपटात बावीस वर्षं काढलेल्या या बाईला स्टुडिओत टाचणीताई म्हणत. कुणाला हसवावं असा तिचा हेतू कधीच नसे. जे असेल ते ती सरळ बोलायची, इतकंच. लेखक मात्र खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. मालिकेच्या दोन पर्वांत भटक्या एकटाच हिंडला होता, कपडे धुण्याच्या यंत्रासारख्या गरगरणाऱ्या यानातून, ग्रहाग्रहांवर फजिती करून घेत. तिसऱ्या पर्वात त्याला सोबतीण द्यायची होती. पण उड्या मारत निघणारी नको, नको-नको म्हणणारी हवी. तुम्ही का जाणार नाही ते मला सांगा, असं तो म्हणाला.

मग ती सांगत गेली. दूध नासेल. मोरीतला नळ गळतो, त्याला रोज संध्याकाळी एक विशिष्ट पीळ द्यावा लागतो, तो दुसऱ्या कुणाला जमत नाही. नऊ वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू लुळी पडली, तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. दिवसा शेजारची मावशी बघते, पण मावशीचा हात जड. आणि शेवटचा टाका घालून दोरा तोडता तोडता ती बोलून गेली, "आई आहे तोवर मी कुठे जाते? आई गेली की बघू."

लेखकाने ते वहीत उतरवून घेतलं.

तीन महिन्यांनी पहिल्या भागाची संहिता कपडेपटात आली. सोबतीण शिवणकाम करणारी होती. पाय पुसणं, दूध, नळ, सगळं जसंच्या तसं. आपलं बोलणं छापलेलं बघून तिला आधी गंमतच वाटली. मग बारावा प्रसंग आला. सोबतीण म्हणते, आई गेली की बघू. भटक्या म्हणतो, बरं. यानाची कळ फिरवतो आणि तिला दहा वर्षं पुढे नेतो. खोली तीच, पलंग रिकामा. भटक्या विचारतो, "आता तरी?"

ती उभ्या उभ्या वाचत होती. खाली बसून तिने ते पान पुन्हा वाचलं.

लेखक वाईट माणूस नव्हता. तो प्रसंग काढा म्हणत ती गेली, तेव्हा त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. हे तुमच्यावरून आहे हे कुणाला कळणार, म्हणाला. निघण्याआधी सोबतीण डोळे पुसते, तेवढं घालतो, म्हणाला. आईलाही यानात घेतलं तर, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने खरंच विचार केला आणि मान हलवली. मग ती सहल झाली ताई, म्हणाला.

चित्रीकरणाच्या दिवशी पलंगाची चादर ताणायला कुणी मोकळं नव्हतं. तिनेच ताणली.

आईला हा भाग दिसू द्यायचा नाही, हे तिने पक्कं केलं होतं. पण पोरीच्या मालिकेचं नवं पर्व रविवारी सहाला सुरू होतंय, ही बातमी मावशीने आधीच पोचवली होती. रविवारी मावशी पावणेसहालाच येऊन बसली. टीव्हीची वायर ढिली झाली आहे, असं टाचणीताईने सांगून पाहिलं.

"अख्ख्या स्टुडिओची उसवण शिवतेस," आई जड जिभेने म्हणाली, "आणि एक वायर लावता येत नाही?"

तिने वायर लावली.

पाय पुसण्याच्या वाक्याला आई हसली, चेहऱ्याच्या एकाच बाजूने. अगदी तुझ्यासारखी बोलते गं, म्हणाली. नळाच्या पिळावर मावशीला हसता हसता ठसका लागला. मग बारावा प्रसंग आला. रिकामा पलंग दिसला तेव्हाही मावशी सवयीने हसली, मग गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत उठून गेली.

भाग संपला. तिने टीव्ही बंद केला. आईला वळवायची वेळ झाली होती, म्हणून तिने पाठीखाली हात घातला.

"थांब," आई म्हणाली. "हे तू बोलली होतीस?"

लेखक काहीही लिहितात, असं म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

आईने डोळे छताकडे वळवले. मग तिने विचारलं, "कुठे जायचं होतं तुला?"

तेव्हा तिने इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगितलं. आईचं दुखणं सुरू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी एका नाटक कंपनीचं पत्र आलं होतं. दोन वर्षांचा दौरा, देशोदेशींची शहरं, कपडेपट सगळा तिच्या हाताखाली. थोरली बहीण आईला न्यायला तयारच होती. तिने त्याच दिवशी नकार कळवला.

"मला नाही विचारलंस."

"नाही."

"मी जा म्हटलं असतं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही विचारलं."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. आईपायी पोरीने आपलं आयुष्य वाहिलं, असं मावशी म्हणायची, बहीण म्हणायची, स्टुडिओतही म्हणायचे. तिने कधी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नव्हतं. पत्र हातात आलं तेव्हा मात्र तिला सगळंच नकोसं वाटलं होतं: परकी गावं, परकी भाषा, रोज नवी खोली. आणि पलंगावर आई निजलेली दिसताच सुटल्यासारखं वाटलं होतं.

"घाबरलीस होय," आई म्हणाली.

"हो."

"मी आपली समजत होते, माझ्यामुळेच अडकलीस. तू हात लावलास की रोज वाटायचं, एकदाचं संपावं." पुढे आईला बोलता येईना. ती हसते आहे की रडते आहे, ते अर्ध्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

तिने आईला हळूच कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. नेहमीप्रमाणे स्टुलावर बसायला गेली, तर आईने डाव्या हाताने गादीवर थोपटून जागा दाखवली. तेवढ्याशा जागेत ती अंग चोरून आडवी झाली. खाली गल्लीत कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. दोघी ऐकत राहिल्या.