स्वागताच्या स्लाइडमधील माणसे

सुज्ञ वाचकहो, आता जो वृत्तांत आपल्या सेवेशी सादर होत आहे, त्यात एका सद्गृहस्थांस संगणकावरील सादरीकरणाची भीती कशी वाटत होती आणि तिच्यातून ते कसे पार पडले, हे यथाक्रम येईल. यात माझ्या पदरचे काही नाही. जसे घडले तसे मांडतो.

सुरंगवाडीच्या होडी संस्थेचे सचिव दिगंबर मयेकर यांनी लॅपटॉपवर पहिली स्लाइड उघडली, तेव्हा त्यांच्या घरास एक खोली वाढली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ती वाढली. खोली पांढरी असून तिला खिडकी नव्हती. समोरील भिंतीवर फिक्या करड्या अक्षरांत ‘शीर्षक जोडण्यासाठी क्लिक करा’ असे लिहिलेले होते. मयेकरांच्या पत्नी इंदुमती चुलीकडे निघाल्या होत्या. त्या खोली ओलांडून पलीकडे गेल्या आणि जाताना एवढेच म्हणाल्या की, आता आमटी आणायला लांब पडणार.

खाडीवरील होडीचा परवाना संपत आला होता. संस्थेने आपली बाजू सादरीकरणाद्वारे मांडावी, कागद स्वीकारले जाणार नाहीत, असे तालुक्याच्या कार्यालयाने कळविले होते. परवाना गेला तर होडी बंद होणार होती. इंदुमतींची आई पैलतीरी अंथरुणास खिळलेली होती आणि इंदुमती रोज दुपारी होडीने तिच्यासाठी पेज नेत असत. रस्त्याने गेल्यास खाडीला वळसा पडून पेज पोचेपर्यंत सायंकाळ झाली असती. हे सर्व मयेकर जाणून होते, तरीही माऊसला हात लावताना त्यांच्या तळव्यास घाम फुटे. आपण काही दाबू आणि जे जाईल ते पुन्हा येणार नाही, असे त्यांना वाटे.

संस्थेच्या प्रत्येक सभेचे सूत्रसंचालन आजवर मयेकरांनीच केले होते. मान्यवरांचे स्वागत झाल्यावाचून विषयास हात घालावयाचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. तो त्यांनी येथेही पाळला. शीर्षकाच्या जागी त्यांनी प्रथम संस्थेचे अध्यक्ष आणि होडीचे तांडेल श्री. बाबल खवणेकर यांचे नाव घातले. बाबल तत्काळ खोलीत खुर्चीवर येऊन बसले. त्यांच्या हातात वल्हे होते. नंतर सरपंच आले, पोलीस पाटील आले, देवस्थानचे मानकरी आले. ज्याचे नाव उमटे तो येई आणि हाराची वाट पाहत बसे.

नावे वाढली तशी अक्षरे आपोआप बारीक होऊ लागली. अक्षरे बारीक झाली तशी माणसेही बारीक झाली. सरपंच नारळाएवढे झाले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार निराळी होती.

“माझा नाव बाबलाच्या खाली कित्याक?” सरपंचांनी विचारले.

मयेकरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि कोणी दुखावू नये म्हणून उपसरपंचांचेही नाव घातले. त्यासरशी सरपंच सुपारीएवढे झाले. कोणी राहून गेले तर जन्माचे वैर येईल, या धास्तीने मयेकर नावे घालीतच राहिले. खोलीच्या भिंती जवळ आल्या. खुर्च्यांचे पाय एकमेकांत अडकले. तिकडे खाडीवर होडी रिकामी डोलत होती, कारण बाबल आता त्यांच्या स्वतःच्या वल्ह्याच्या मुठीएवढेही राहिले नव्हते.

मयेकरांनी पत्नीचेही नाव घालण्यास बोट उचलले. इंदुमती पेजेचे भांडे घेऊन दारात उभ्या होत्या.

“माझा नाव घालू नकात,” त्या म्हणाल्या. “माका आवशीक पेज न्हेवची आसा.”

मग त्यांनी पतीकडे वळून विचारले, “तुमी भियातास कोणाक? ह्या यंत्राक की ह्या माणसांक?”

स्लाइड बदलावयाची तर स्वागत पुरे व्हावयास हवे होते, आणि स्वागत पुरे होत नव्हते. नाव पुसणे हाच एक मार्ग होता. परंतु बोलावलेल्या माणसास ऊठ म्हणावयाचे कसे, हे मयेकरांस ठाऊक नव्हते. अखेर त्यांनी विड्याचे तबक घेतले, गुडघे टेकले आणि जमिनीलगत बसलेल्या एकेकापुढे ते धरले. सुरंगवाडीत निरोप घेणारा ‘जातो’ म्हणत नाही. सरपंचांनी पानाचा कण उचलला आणि “येतंय मगे” असे म्हटले. मयेकरांनी त्यांचे नाव पुसले. सरपंचांची खुर्ची रिकामी झाली. काही मोडले नाही. पाटील, मानकरी, उपसरपंच, सर्वांनी येतो म्हटले आणि सर्व पुसले गेले. प्रत्येक नावागणिक मयेकरांचा तळवा कोरडा होत गेला.

शेवटी बाबलांचे नाव राहिले. ते आता भिंतभर मोठे झाले होते आणि बाबलही पूर्वीएवढे झाले होते. येथे मात्र मयेकरांचे बोट अडले.

“बाबलदादा, तुमी रवा. तुमी अध्यक्ष.”

“दिगू, पूस माका,” बाबल म्हणाले. “हंय बसान होडी कोण हाकतलो?”

“आणि तुमी परत नाय इलात तर?”

बाबलांनी वल्हे खांद्यावर टाकले. “येतंय,” ते म्हणाले.

मयेकरांनी कळ दाबली.

खोली पुन्हा कोरी झाली. मग तिची मागची भिंत बाजूस सरकली आणि तेथे तालुक्याच्या कार्यालयाचे अधिकारी व त्यांचे सहकारी ओळीने बसलेले दिसले. ते बहुधा पहिल्यापासूनच तेथे होते. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “मयेकर, स्वागत नाही का?”

“नाही साहेब,” मयेकर म्हणाले. “विषयावर येतो.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारले. शीर्षकाच्या जागी त्यांनी ‘खाडी’ एवढाच शब्द लिहिला आणि न कचरता पुढची स्लाइड घेतली. तिच्याबरोबर जी खोली आली, तिला तळ नव्हता. भरतीचे पाणी आत शिरले, अधिकाऱ्यांच्या घोट्यांना लागले आणि गुडघ्यांवर चढले. सहकारी खुर्च्यांवर उभे राहिले. मयेकरांच्या हातात लॅपटॉप होता आणि हात स्थिर होता.

“पलीकडे कसे जायचे?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“होडी आहे, साहेब. हाक मारावी लागते.”

पैलतीर धूसर होता. तेथे काही हलत आहे किंवा नाही, हे कळत नव्हते. अधिकाऱ्यांनी पाण्यात वाकून बूट काढले, ते एका हातात उंच धरले, दुसरा हात तोंडाशी नेला आणि बाबलांच्या नावाने लांब हाक घातली.

वृत्तांत येथे थांबतो. आपण तो शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल मी, वामन रामा चिंदरकर, आपला मनःपूर्वक ऋणी आहे.