टॉनिक म्हणून पाजलेलं औषध

घरात दुखणं शिरलं की आपण आधी काय करतो? डॉक्टर शोधतो? छे! आधी दार लावून घेतो.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचंच बघा. दाढी करता करता अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारा माणूस, पण स्वतःच्या घराबद्दल तोंडाला कुलूप. त्याच्या सात वर्षांच्या लेकीला, चिऊला, फिट यायच्या. दोन-तीन औषधं करून झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधीच्या गोळ्यांच्या जोडीला आणखी एक औषध दिलं. गांजाच्या जातीच्या झाडातून शुद्ध करून काढलेलं, नशा न आणणारं. आठवड्याच्या नऊ फिट दोनवर आल्या! बापाचा जीव भांड्यात पडला, पण झाडाचं नाव आठवलं की तो बाटलीवरची चिठ्ठी भिंतीकडे फिरवून ठेवायचा. चिऊची आई गेल्यापासून तिला सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीलाही त्यानं सांगितलं, "ताकदीचं टॉनिक आहे, ताई."

चिऊ नाक मुरडायची. "आत्या, तेलकट लागतं गं."

"नको तर राहू दे बाई. टॉनिकच तर आहे!"

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी फिट आली ती थांबेचना.

दवाखान्यात चिऊ शुद्धीवर आली, तरी आत्याचं रडं थांबत नव्हतं. "मीच पाजलं नाही हो. हा टॉनिक म्हणाला होता."

डॉक्टरीणबाईंनी भावाकडे पाहिलं. त्याची मान खाली. "लाज वाटली. पोरीला गांजा पाजतो म्हणाले असते लोक."

"अहो, त्या झाडातल्या द्रव्यांसारखी कामं करणारी द्रव्यं तुमच्या-माझ्या शरीरात आपोआप तयार होतात! मेंदूतल्या पेशींचा गलका वाढला की त्यांना जरा हळू म्हणायचं, हे या द्रव्यांचं काम. भूक, झोप, वेदना, सगळ्यात त्यांचा हात. एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा म्हणतात तिला. झाडाचा अभ्यास करताना सापडली, म्हणून झाडाचं 'कॅनाबिस' हे शास्त्रीय नाव तिला चिकटलं."

आत्यानं डोळे पुसले. "मग माझ्या गुडघ्यांना चालेल का?"

"हे बघा! एकतर लपवायचं, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचायचं." बाईंना हसू आलं. "आशा खूप आहे, संशोधनही चाललंय. पण आज मोजक्याच आजारांत त्याचा उपयोग सिद्ध झालाय, चिऊचा त्यातला एक. तेही नेमकं कसं काम करतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. बाजारातून भलतीच बाटली आणलीत तर माझ्याशी गाठ आहे. आणि हे औषध मला न विचारता बंद करायचं नाही!"

"बाबा," चिऊ पुटपुटली, "तुमच्या शर्टावर केस आहेत." बापाला रडूच कोसळलं.

पुढच्या आठवड्यात खुर्चीत एक निवृत्त फौजदार बसले होते. त्यांना सगळे वचकून असत. "पोरीला ताप होता म्हणे?"

वस्तरा थांबला. "ताप नव्हता, साहेब. तिला फिट येतात. आणि तिचं औषध गांजाच्या जातीच्या झाडापासून करतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं."

बाकावरचे पेपर खाली आले.

फौजदारांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या नातवालाही येतात," ते हळूच म्हणाले. "तीन वर्षं झाली, आम्ही कुणाला सांगितलं नाही. तुमच्या डॉक्टरीणबाई बसतात कुठे?"

मंडळी, औषधाचं कूळ ऐकून नाक मुरडू नका, आणि ऐकीव गुणांवर घरीच प्रयोगही करू नका. डॉक्टरांना विचारा, आणि ज्याच्या हातून औषध पाजलं जातं त्याला तरी खरं सांगा. लाजेपायी तोंड मिटतो आपण, आणि भोगतं ते लेकरू!